सात चोविसांश

१/४ आणि १/२४ यांची बेरीज करायची की नाही, हा प्रश्न एकदा सांगलीच्या दिवाणी न्यायालयातून निघाला, मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि तिथून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात पोचला. खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. दोन-अडीच वर्षांनी हिराबाईंनी वाटणीचा दावा लावला आणि घरं, जमीन, दुकानं या सगळ्यात आपला हिस्सा मागितला: सात चोविसांश. एवढा नेमका, एवढा विचित्र आकडा त्यांच्या वकिलांनी आणला कुठून, हे समजलं की अपूर्णांकांचं निम्मं पुस्तक समजलं असं धरून चालावं.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं अशा वेळी एक कल्पना करायला सांगितलं होतं. माणूस वारण्याच्या अगदी आधी घरात वाटणी झाली असं समजा. त्या कल्पित वाटणीत चार वाटे पडतात: खंडाप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे. मुलींना तेव्हा जन्मानं हक्क नव्हता, त्यामुळे त्या या वाटणीत बसत नाहीत. प्रत्येकाला १/४. मग खंडाप्पांचा जो चौथा हिस्सा, त्याचे सहा वारस: पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. चौथ्या हिश्शाचा सहावा हिस्सा म्हणजे १/४ × १/६, म्हणजे १/२४. हिराबाईंचं म्हणणं असं की वाटणीतला माझा १/४ मला द्या आणि नवऱ्याच्या वाट्यातला १/२४ वर घाला. ६/२४ अधिक १/२४, झाले ७/२४.

खालच्या न्यायालयानं गुणाकार मान्य केला, बेरीज नाकारली. वाटणी कल्पित आहे, ती फक्त मयताचा हिस्सा काढण्यापुरती. तेव्हा बाईंना १/२४ मिळेल, असा निकाल लागला. १९७५ साली उच्च न्यायालयानं तो फिरवून ७/२४ दिले आणि एप्रिल १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निकालपत्रानं त्यावर शिक्कामोर्तब झालं. कल्पना केलीच आहे तर ती शेवटपर्यंत न्या, मध्येच सोडू नका, असा त्या निकालाचा सारांश. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला गुरुपाद (दोन मुलग्यांपैकी एक) विरुद्ध हिराबाई या नावानं पाठ असतो. सहावीच्या मुलांना तो कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवा होता तो त्यांनाच.

हिशेब बरोबर आहे की नाही हे मुलंच तपासू शकतात. आई ७/२४, दोन मुलगे प्रत्येकी ७/२४, तिघी मुली प्रत्येकी १/२४. एकवीस आणि तीन, चोवीस. पूर्ण रुपया भरला.

पुढची पुस्तिका अपूर्णांकांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराची आहे. ती उमरीत, तालुक्यातल्या पाचवी ते सातवीच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली. प्रस्तावनेत वाटणीच्या खटल्यापासून सुरुवात करण्याचं कारण साधं आहे. आमच्याकडे अपूर्णांक पहिल्यांदा कानावर पडतो तो शाळेत नाही, बांधावर. चुलत्यानं सहा आणे घेतले, आत्यानं हक्कसोड केली, सातबाऱ्यावर नाव लागलं पण हिस्सा मोजून दिला नाही. पाचवीतल्या पोराला यातलं बरंच कळत असतं. मग तेच पोर वर्गात येतं, फळ्यावर एक वर्तुळ निघतं, त्याला भाकरी म्हणायचं ठरतं, तिचे तीन समान भाग करायचे असतात आणि ते कोणालाच, गुरुजींनासुद्धा, नीट करता येत नाहीत. वर्तुळाचे चार भाग सोपे, तीन अवघड, पाच तर विचारूच नका. या पुस्तिकेत वर्तुळ नाही. वावर आहे: लांबरुंद चौकोन, आडव्या-उभ्या रेघांनी कापता येणारा.

आणि जवळजवळ प्रत्येक उदाहरणाखाली एक शब्द छापलेला आहे: कशाचा? मुलानं १/६ लिहिलं की विचारायचं, कशाचा? चौथ्या हिश्शाचा की सगळ्या इस्टेटीचा? हिराबाईंच्या खटल्यात १/६ आणि १/२४ ही एकाच जमिनीच्या तुकड्याची दोन नावं आहेत. एक बापाच्या वाट्याकडे बघून दिलेलं, दुसरं सगळ्या घराकडे बघून. अपूर्णांकात मुलं अडतात ती आकडेमोडीमुळे थोडी आणि हे न विचारल्यामुळे फार, असं माझं मत आहे.

उदाहरणार्थ, १/२ + १/३ = २/५. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिला चूक म्हणताना जरा थांबावं. मुलानं वरच्यात वरचं मिळवलं, खालच्यात खालचं. हे त्याला कोणी शिकवलं? आपणच. पहिल्या चाचणीत १० पैकी ७, दुसरीत २० पैकी ९, तर एकूण ३० पैकी १६. प्रगतिपुस्तकावर दर सहामाहीला हीच बेरीज शिक्षकांच्या सहीनं घरी जाते, आणि ती बरोबरच असते, कारण तिथे ‘पैकी’च्या पुढचा आकडा वाढत जातो. दहा गुणांचा पेपर आणि वीस गुणांचा पेपर मिळून तीस गुणांची परीक्षा झाली. एका एकरातला अर्धा एकर आणि त्याच एकरातला तिसरा हिस्सा असं म्हटलं की एकर एकच राहतो, त्याचे दोन होत नाहीत. वर्गात हा फरक बोलून दाखवला तर पाच मिनिटं लागतात. न बोलता ‘छेद समान करा’ असं बजावलं तर सातवीपर्यंत चूक तशीच राहते. शिवाय २/५ म्हणजे सोळा गुंठे आणि नुसता अर्धा एकर म्हणजेच वीस; दोन हिस्से एकत्र केल्यावर जमीन आटली कशी, हे विचारलं की पोरं आपणच हसतात.

छेद समान करणं म्हणजे दोन्ही हिस्से एकाच मापात मोजणं. हे आपल्या आजोबांना शाळेबाहेर येत होतं, कारण त्यांच्याकडे आणे-पै होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. या १९२ ला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा, चोवीस सगळ्यांनी भाग जातो. तिसरा हिस्सा म्हणजे पाच आणे चार पै, एक दमडीही इकडेतिकडे नाही. आता हिराबाईंची मागणी आणे-पैत मांडून बघा. चौथा हिस्सा म्हणजे चार आणे. चोविसावा म्हणजे आठ पै. बेरीज: चार आणे आठ पै. यात बेरीज करावीच लागत नाही, शेजारी शेजारी बोललं की झालं. १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि तिसऱ्या हिश्शाला ३३ पैशांपुढचं कायमचं शेपूट चिकटलं. दशमान पद्धतीनं पुष्कळ सोपं केलं, यात वाद नाही. पण वाटणीपुरता आणा अधिक सोयीचा होता, आणि म्हणून वाटणीची भाषा आजही आण्यातच चालते. एकराचा आणा म्हणजे अडीच गुंठे, हे इथल्या कोणत्याही म्हाताऱ्याला झोपेतून उठवून विचारावं.

जुन्या वहीखात्यांत पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी घोकून घेत. त्या पाठांतराबद्दल हळहळणारे पुष्कळ लेख दरवर्षी येतात. मी त्यात भर घालणार नाही. पाढ्यांनी वेग दिला, समज दिली असं नाही. आणि ते सगळे पाव, निम्मं, पाऊण या घराण्यातलेच. दोन सप्तमांश किंवा तीन पंचमांश समोर आले की पाऊणकी पाठ असलेला माणूसही अडतो. पुस्तिकेत पावकी आणि दीडकी दिली आहे ती कानाला सवय म्हणून. तिची परीक्षा घेऊ नये.

सप्तमांशाशी मात्र आमच्या भागाची जुनी ओळख आहे, आणि ती फार कडू ओळख आहे. १९४८ पर्यंत उमरी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. इथे हाली सिक्का चाले. पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेलं की वऱ्हाड, तिथे इंग्रजी रुपया, ज्याला लोक कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव. १९४८ च्या जानेवारीत स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. त्या काळात इथल्या व्यवहारातला रुपया आणि सरहद्दीपलीकडचा रुपया एक नव्हता, हे सहसा ठाऊक नसतं. संस्थान विलीन झाल्यावरही सातास सहा हा दर पुढे चालू राहिला आणि हाली रुपया पूर्णपणे बाद व्हायला १९५९ साल उजाडलं. म्हणजे दहा-अकरा वर्षं बाजारात बसलेल्या प्रत्येकाला रोज ६/७ नं गुणावं लागत होतं.

गुणाकार आणि भागाकार शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ३५ हाली हातात आहेत, कलदार किती? ३५ × ६/७ = ३०. गुणाकार केला आणि संख्या घटली! गुणलं की वाढतं, भागलं की घटतं, हे दुसरीपासून मनात बसलेलं असतं. ते इथे पहिल्यांदा हलतं. आता उलटं चला. ३० कलदार आहेत, हाली किती? ज्यानं ६/७ नं गुणून तीस आणले, त्यानं परत जाताना ६/७ नं भागायला हवं. पण बाजारात कोणी असं म्हणत नाही. तो म्हणतो, सहा कलदाराला सात हाली, म्हणून ७/६ नं गुण. ३० × ७/६ = ३५. दोन्ही वाटांनी तोच माणूस त्याच दुकानात पोचतो, म्हणून ६/७ नं भागणं आणि ७/६ नं गुणणं एकच. ‘भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ हा नियम एवढ्यासाठी आहे. तो मंत्रासारखा शिकवला जातो आणि मंत्रासारखाच विसरला जातो. एकटा कलदार मोडला तर एक रुपया दोन आणे आठ पै हाली मिळत. एकटा हाली मोडायला गेलं तर तेरा आणे आठ पै आणि वर पैचे चार सप्तमांश. ते चार सप्तमांश कोणाच्या गल्ल्यात पडत असतील, हा प्रश्न मुलांना नक्की विचारावा. उत्तर गणितात नाही, पण मुलं ते चटकन देतात.

हिश्शाचा हिस्सा, त्याचा पुन्हा हिस्सा हा प्रकार भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, फार गमतीनं मांडला आहे. एका भिकाऱ्यानं द्रम्म मागितला. कंजूष माणसानं त्याला द्रम्माच्या निम्म्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण हिश्शाच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा पाव दिला. किती कवड्या मिळाल्या? निम्म्याचे दोन तृतीयांश म्हणजे १/३. त्याचा पाऊण म्हणजे १/४. त्याचा पाचवा भाग १/२०. सोळावा भाग १/३२०. त्याचा पाव १/१२८०. द्रम्माचे सोळा पण, पणाच्या चार काकिणी, काकिणीच्या वीस कवड्या. सोळा चोक चौसष्ट, चौसष्ट विसा १२८०. एक कवडी! एवढा लांबलचक दानधर्म करून पदरात एक कवडी घालणारा तो मनुष्य आठशे-नऊशे वर्षांनंतरही वर्गात हशा पिकवतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. हे गणित आपल्याच मुलखात शिकवलं गेलेलं आहे, बाहेरून आलेलं नाही. पुस्तिकेत ते मूळ श्लोकाशिवाय घेतलं आहे.

गुणाकार बेरजेच्या आधी ठेवला आहे, हे शिक्षकांच्या लक्षात येईल आणि काहींना खटकेल. पाठ्यपुस्तकाचा क्रम वेगळा असतो. माझं म्हणणं असं की पावाचा निम्मा किती, हे मुलाला पाव आणि निम्मा यांची बेरीज किती, याच्या आधी कळतं. कागदाची एक घडी घाला, मग दुसरी. एकदा उभे चार समान पट्टे पाडा, मग आडवे सहा. कागद उलगडला की चोवीस घरं दिसतात. एक उभा पट्टा रंगवा, तो चौथा हिस्सा, त्यात सहा घरं आहेत. त्या पट्ट्यातलं एक घर म्हणजे पट्ट्याचा सहावा आणि कागदाचा चोविसावा हिस्सा. १/४ × १/६ झाला. आता शेजारचा अख्खा पट्टा आणि हे एक घर मिळून किती घरं? सात. बेरीज झाली. समच्छेद हा शब्द यानंतर उच्चारला तरी चालतो. सांगलीपासून दिल्लीपर्यंत गेलेला तो खटला एका कागदावर मावतो, आणि कागद फाटला तरी दुसरा मिळतो.

वजाबाकीविषयी वेगळं सांगण्यासारखं थोडं आहे. बेरीज आली की ती येते. खटल्यातलंच उदाहरण घ्या: मुलाला ७/२४, मुलीला १/२४, फरक ६/२४, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. मुलगा म्हणून जन्मल्याचा एवढा भाव होता. महाराष्ट्रानं १९९४ साली कायद्यात दुरुस्ती करून, काही अटींसह, मुलींना जन्मानं हक्क दिला. २००५ साली तो देशभर झाला. त्याच आकाराचं कुटुंब नव्या कायद्यात बसवा. कल्पित वाटणीत आता सात वाटे: आई, बाप, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकी १/७. बापाच्या १/७ चे सहा वारस, म्हणजे १/४२. बेरीज १/७ + १/४२ = ७/४२ = १/६. सहा माणसं, सहा हिस्से. एवढी उठाठेव करून उत्तर इतकं सरळ येतं, की मुलांना आधी ते खोटं वाटतं. आणि मुलीचा हिस्सा किती पट झाला? १/६ ÷ १/२४ = ४. चौपट. भागाकाराचं यापेक्षा वजनदार उत्तर पुस्तिकेत दुसरं नाही.

भागाकारातली खरी मेख उरलेल्या तुकड्यात असते. समजा एक औत दिवसाला पाऊण एकर नांगरतं आणि वावर अडीच एकर आहे. किती दिवस? अडीच एकरात दहा पाव, पाऊण एकरात तीन पाव. दहाला तीननं भागलं, ३ १/३. तीन दिवसांत सव्वादोन एकर उरकलं. उरलं पाव एकर. मग उत्तरात १/३ कुठून आला, उरलाय तर १/४? भली भली मुलं इथे गोंधळतात आणि त्यांच्या मागे उभे असलेले पालकही. उरलेली जमीन एकराचा पाव आहे, पण दिवसाच्या कामाचा तिसरा हिस्सा आहे. विचारलं होतं दिवस किती, म्हणून उत्तर दिवसांत. कशाचा, हे विचारल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. दरवर्षी खरीप संपता संपता वर्तमानपत्रात गावांची पैसेवारी छापून येते, नजर, मग सुधारित, मग अंतिम, आणि चौकाचौकात पन्नास पैशांच्या वर की खाली यावर वाद झडतात. त्या वादातल्या किती जणांना ते पन्नास पैसे कशाचे, हे सांगता येईल, याची मला शंका आहे.

शिक्षकांसाठी एक सूचना. उत्तरं मागे दिली आहेत, पण संक्षिप्त रूपात नाहीत. ६/२४ ला लगेच १/४ करायची घाई आपल्याला फार असते. त्या घाईत सहा घरं नाहीशी होतात आणि मुलाला बेरीज कुठून आली ते दिसत नाही. संक्षेप शेवटी, आणि गरज असली तरच. उमरीच्या बाजारात मराठी, तेलुगू, हिंदी तिन्ही भाषांत भाव होतात आणि तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी बोलतात. अर्धा-पाव त्यांनी घरच्या शब्दात सांगितला तर तो शब्द फळ्यावर लिहून घ्यावा. साखर कारखान्याच्या तोडीला जाणाऱ्या घरांत जोडप्याला एक कोयता आणि एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. अर्ध्या कोयत्याची उचल किती, हे ज्या मुलाला घरून माहीत आहे, त्याला १/२ शिकवायला बसू नये. त्याच्याकडून वर्गाला शिकून घ्यावं.

शेवटचं उदाहरण मुद्दाम अपुरं ठेवलं आहे. तीन एकर जमीन, म्हणजे १२० गुंठे. तिचा चोविसावा हिस्सा पाच गुंठे. गणित इथे संपतं. पण तुकडेबंदीच्या कायद्याखाली महाराष्ट्रात २०२३ साली जमिनीचं किमान प्रमाणक्षेत्र ठरलं ते जिरायतीला वीस गुंठे, बागायतीला दहा. पाच गुंठ्यांचा वेगळा तुकडा पाडायला गेलं की कायदा आडवा येतो. मग जमीन एकाच्या नावावर राहते आणि बाकीच्यांना तिची किंमत द्यायची ठरते. किंमत किती धरायची, ती कोणी द्यायची, आणि देणाऱ्याच्या स्वतःच्या हिश्शाचे पैसे त्यातून वजा करायचे की नाही, हे तीन प्रश्न पान ४० वर आहेत. पहिल्यासाठी मुलांनी घरी विचारून यायचं आहे. तिसऱ्याचं उत्तर मागे दिलेलं नाही.